गेस्ट हाऊस: हिवाळ्यातलं वीजबिल, रूम हीटर आणि सीझनचे दर कसे बसवता?

एरंडवणे_आठखोल्या

नमस्कार मंडळी,

पुण्यात एरंडवण्यात आमचं आठ खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. तळमजला आणि वर दोन मजले, जुनं बांधकाम. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. दोन माणसांच्या खोलीला १८०० रुपये, त्यात सकाळचा चहा-नाश्ता. जीएसटी वरून. वीजजोडणी व्यावसायिक दराची.

गेले दोन हिवाळे विजेचं बिल फार चढतंय. ऑक्टोबर हीटमध्ये एसी चालू असूनही ९०० युनिटच्या आसपास असतं. डिसेंबर-जानेवारीत एसी बंद, पंखे बंद, आणि बिल १९०० युनिटचं. सगळे आकार आणि विद्युत शुल्क धरून मला युनिट १३ रुपयांच्या घरात पडतं, म्हणजे महिन्याला १३ हजार जास्तीचे. त्याआधीच्या हिवाळ्यांत एवढा फरक पडत नव्हता.

गच्चीवर पाणी तापवायचं सोलर आहे, ट्यूबवालं, ५०० लिटरच्या दोन टाक्या. ढगाळ दिवसांसाठी दोन्ही टाक्यांत ३ किलोवॅटची कॉइल बसवलेली आहे. हिवाळ्यात आता ढग नसतानाही ती रोज लावावी लागते. आमच्याकडे कामाला असलेले मामा रात्री दहाला दोन्ही कॉइल चालू करतात, कारण पहिली बादली पहाटे साडेचारला भरली जाते. थर्मोस्टॅट ६० वर आहे.

खोल्यांत हीटर कायमचे नाहीत, मागितला तर देतो. २००० वॅटचे ब्लोअर आहेत. मुंबई, कोकण, चेन्नईकडची माणसं मागतात. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) दीक्षांत संचलनाला पंजाब-हरियाणातून आईवडील येतात, त्यांना आपली थंडी थंडीच वाटत नाही. तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या दोन खोल्यांतून मात्र कुणीही असो, हीटर मागतातच.

आता पाहुणे कोण ते सांगते, कारण खरा प्रश्न तिथे आहे. नोव्हेंबरअखेर एनडीएवाले. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मॅरेथॉन. मग सवाई गंधर्व संगीत महोत्सव. मुकुंदनगरला मंडप लागला की दरवर्षीची तीच माणसं येतात, काहींना मी आवाजावरून ओळखते. नाताळात परदेशातली मुलं आईवडिलांना भेटायला येतात आणि घर लहान पडतं म्हणून आमच्याकडे उतरतात. अधूनमधून लग्नं. आणि वर्षभर, अगदी वर्षभर, जवळच्या हॉस्पिटलांत दाखल असलेल्या रुग्णांचे नातेवाईक. ते दोन दिवस म्हणून येतात आणि तीन आठवडे राहतात. त्यांना सीझन कसला?

मिस्टरांचं म्हणणं, डिसेंबर-जानेवारीत सरसकट ३०० रुपये वाढवू. भाचा हॉटेल मॅनेजमेंट शिकतोय, तो म्हणतो दर तोच ठेव, हीटरचे रात्रीला २०० वेगळे घे आणि गरम पाणी सकाळी सहा ते आठच सोड. मला दोन्ही जड जातंय. आयसीयूबाहेर रात्र काढून सकाळी दहाला आलेल्या माणसाला "गरम पाणी बंद झालं" असं मी सांगू शकत नाही. आणि सवाईला येणाऱ्याने जे द्यायचं तेच त्यानेही द्यायचं, हेही बरोबर वाटत नाही. पण १३ हजार खिशातून घालत राहणंही शक्य नाही.

तुम्ही काय करता? दर कसे बसवता? आणि पाण्याचं काही करता येईल का?

---

तीन_पिढ्या_लॉजिंग

ताई, आमचं पुणे स्टेशनच्या बाजूला, आजोबांपासूनचं. दराचं मी सांगतो, विजेचं जाणकार सांगतील.

थंडीला दर लावू नका, तारखांना लावा. या दोन गोष्टी डिसेंबरात एकत्र येतात म्हणून एकच वाटतात. महाबळेश्वरला थंडीच पाहायला माणूस येतो, पुण्यात थंडी बघायला कोणी येत नाही. तो सवाईला येतो, लग्नाला येतो, पोराच्या परेडला येतो. त्याची तारीख ठरलेली असते, त्या दिवशी त्याला खोली हवीच असते आणि चार पैसे जास्त द्यायची तयारी ठेवूनच तो निघतो. दवाखान्याच्या माणसाने तारीख निवडलेली नसते. म्हणून दोन महिने सरसकट वाढ केलीत तर ती नेमकी चुकीच्या माणसावर बसते.

तुमचाच हिशोब करू. महिन्याला १००० युनिट जास्तीचे, १३ हजार रुपये. आठपैकी सरासरी सात खोल्या भरतात असं धरलं तर महिन्याच्या २१७ खोल्या-रात्री झाल्या. म्हणजे खोलीमागे रात्रीला ६० रुपये. नोव्हेंबर मध्यापासून फेब्रुवारी मध्यापर्यंत तीन महिने धरले तर सगळा बोजा ३९ हजार.

आता कॅलेंडर घ्या. एनडीएच्या तीन रात्री, मॅरेथॉनच्या दोन, सवाईच्या पाच-सहा, नाताळ ते १ जानेवारी आठ. झाल्या साधारण वीस रात्री. त्या रात्रींना १८०० चे २२०० करा. आठ खोल्या, वीस रात्री, चारशे रुपये, म्हणजे ६४ हजार. थोड्या खोल्या रिकाम्या गेल्या, दोन-तीन जुन्या नातेवाइकांना ठेवून घेतलंत, तरी ३९ हजार सुटतात. उरलेल्या सत्तर रात्रींना दराला हात लावायची गरज नाही.

मुहूर्त तेवढे बघून घ्या. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, पौषात आपल्याकडे लग्नं होत नाहीत, माघात परत जोर येतो. पौष रिकामा जातो म्हणून आम्ही तेव्हा दर उतरवतो, मग बाहेर कितीही कडाका असो.

जास्त मुक्कामाला वेगळा दर हवा. आमच्याकडे सात रात्रींच्या पुढे जो राहील त्याला पहिल्या रात्रीपासून कमी दर, आणि तो सीझनच्या तारखांत वाढत नाही. कागद मागायचा नाही, कोण आजारी आहे ते विचारायचं नाही. सात रात्री पुण्यात लॉजवर राहणारा माणूस मौजेसाठी राहत नाही, एवढं पुरे.

आणि वाढीव दर दिवाळीच्या आत ठरवून टाका, पाटीवर आणि ऑनलाइन दोन्हीकडे एकच. सवाईच्या तारखा जाहीर झाल्या की तासाभरात फोन सुरू होतात. तेव्हा दर तयार नसला तर जुन्या दरात खोल्या जातात.

---

वारजे_गरमपाणी

सोलर आणि हीट पंप बसवण्याचं माझं काम आहे. सल्ला देण्याआधी एक विचारतो. "त्याआधीच्या हिवाळ्यांत एवढा फरक पडत नव्हता" असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या सोलरच्या दक्षिणेला गेल्या दोन-तीन वर्षांत काही उभं राहिलंय का?

---

एरंडवणे_आठखोल्या

हो! समोरची तीन मजली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती, तिथे आता बारा मजले झालेत. मधे गल्ली आहे. पण उन्हाळ्यात सोलर उत्तम चालतं, पाणी हात भाजेल इतकं तापतं, म्हणून तिकडे लक्षच गेलं नाही. कंपनीचा माणूस येऊन ट्यूब पुसून गेला, क्षार बघून गेला, "सिस्टीम ओके आहे" म्हणाला.

---

वारजे_गरमपाणी

सिस्टीम ओकेच आहे. ऊन अडलंय.

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यात शून्य सावली दिवस येतो, तेव्हा दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि बारा मजल्यांची सावली पायाशीच पडते. २१-२२ डिसेंबरला मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर, दक्षिणेला. तुमच्या गच्चीपेक्षा ती इमारत अंदाजे ३० मीटर उंच असणार. ४८ अंशांच्या उन्हात तिची सावली गच्चीच्या पातळीवर २७ मीटरपर्यंत येते. तुमच्या पॅनलपासून इमारत २० मीटरवर असेल, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी पॅनल सावलीत. नेमके तुमचे बिलाचे महिने. उन्हाळ्यात तपासायला येणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. एरंडवणे, कोथरूड, कर्वेनगर, सगळीकडे मी हेच बघतोय. एक सोसायटी उंच होते आणि उत्तरेकडच्या चार घरांचं डिसेंबरचं ऊन जातं.

एखाद्या दिवशी गच्चीवर जाऊन दर तासाला सावली कुठे येते ते खडूने आखा. मग पुढचं ठरवता येईल. तुमची गच्ची दक्षिणोत्तर दहा-बारा मीटर असेल आणि पॅनल दक्षिण कठड्याशी असतील (बहुतेक तिथेच बसवतात), तर ते उचलून उत्तर कठड्याशी न्या. अंतर ३० मीटर झालं की इमारतीचा माथा ४५ अंशांवर दिसतो आणि डिसेंबरचा ४८ अंशांचा दुपारचा सूर्य त्याच्या जरा वरून जातो. इमारत फार रुंद नसेल तर सकाळ-दुपारचं तिरपं ऊनही बाजूने मिळेल. तोंड दक्षिणेलाच ठेवायचं. स्टँड नवा करणार असाल तर उतार ३० अंशांच्या आसपास घ्या, म्हणजे हिवाळ्याचं ऊन सरळ पडेल. उन्हाळ्यात थोडं कमी तापलं तर बिघडत नाही, तेव्हा गरम पाणी मागतो कोण? पाइपची लांबी वाढेल, तिच्यावर इन्सुलेशन चांगलं हवं. ऊन-पावसाने फोम दोन वर्षांत भुगा होतो, वरून क्लॅडिंग करून घ्या.

आता कॉइल. एक हजार लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ युनिट लागतात. यात कुठल्याही कंपनीला घासाघीस करता येत नाही. तुमच्याकडे चौदा माणसं धरू, प्रत्येकी ६० लिटर अंघोळीचं पाणी, म्हणजे ८४० लिटर. टाकीतलं पाणी पहाटे २० अंश, अंघोळीला ४२ हवं. २२ अंशांची वाढ, म्हणजे दिवसाला साडेएकवीस युनिट, सगळं विजेवर केलं तर. माणशी दीड युनिट, वीस रुपये. एवढ्यासाठी पाणी सहा ते आठच सोडू नका. पाणी बंद करून माणशी चार-पाच रुपये वाचतील आणि नाव जाईल.

तुम्ही मात्र दोन्ही टाक्या ६० अंशांवर नेताय. ४२ अंशांचं ८४० लिटर पाणी करायला ६० अंशांचं ४६० लिटरच लागतं, बाकी विसण. म्हणजे एक टाकी पुरते. दुसरी रात्रभर वीज खाऊन तापते आणि तशीच उभी राहते. शिवाय सकाळी थोडंफार ऊन पॅनलवर येतं तेव्हा ती टाकी आधीच गरम, उन्हाला तापवायला काही शिल्लक नाही. प्लंबरला सांगून दोन्ही टाक्या सिरीजमध्ये घ्या. गार पाणी दुसरीत शिरेल, तिथे फक्त उन्हावर तापेल, ते कोमट पाणी पहिलीत जाईल आणि पहिलीतून खोल्यांत. दुसरीची कॉइल बंद. पहिलीला टायमर लावून रात्री अकराला चालू करा. दिवसाच्या उन्हाने पाणी ३२ अंशांवर आलं असेल तर ५०० लिटर ६० पर्यंत न्यायला ३ किलोवॅटच्या कॉइलला साडेपाच तास लागतात, साडेचारची बादली मिळते. मामांची झोपही मोडणार नाही.

पॅनल हलवून भागलं नाही तर हीट पंप. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, एका युनिटात तीन युनिटांचं काम करतो. हिमालयात त्याला त्रास होतो, पुण्यात नाही. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे १० अंश असले तरी दुपारी २८-२९ असतात. तो दुपारीच चालवायचा, हवा गरम असते तेव्हा वीज कमी खातो. तुमच्याकडे स्मार्ट मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या विजेला सवलतीचा दर लागतो का ते बिलावर बघा, म्हणजे दुहेरी फायदा. दुपारी तापवलेलं पाणी चांगल्या टाकीत पहाटेपर्यंत तीन-चार अंशच उतरतं. एक गोष्ट सीएंना विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी झाला, पण इनपुट क्रेडिट गेलं. म्हणजे हीट पंपावर भरलेला कर आता परत मिळत नाही, पूर्ण किमतीवरच हिशोब करा. सोलर वॉटर हीटरवरचा कर त्याच वेळी १२ वरून ५ टक्के झालाय.

आणि ते २००० वॅटचे ब्लोअर. सात तास चालला तर १४ युनिट, १८२ रुपये. खोलीतल्या दोघांच्या अंघोळीला ४० रुपये आणि ब्लोअरला १८२. तुमच्या १००० युनिटांत चारेकशे तरी याचेच असणार. ते काढा. थर्मोस्टॅट असलेला तेलाचा हीटर (आत तेल भरलेला, विजेवरचा) घ्या, खोली तापली की तो आपोआप थांबतो. पण त्याआधी उत्तरेकडच्या त्या दोन खोल्यांच्या खिडक्या बघा. जुन्या सरकत्या खिडक्यांच्या फटींतून वारा येत असेल तर कुठलाही हीटर गल्ली तापवत बसेल. ब्रश-पट्टी, दाराखाली रबर, जाड पडदा. खर्च एका महिन्याच्या ब्लोअरच्या बिलाएवढाही नाही.

---

मुक्कामी_सांगली

मी व्यवसायातला नाही. गेल्या वर्षी वडिलांच्या ऑपरेशनला पुण्यात आलो होतो, जानेवारीत. म्हणून लिहावंसं वाटलं.

आम्ही उतरलो होतो तिथं गरम पाण्याच्या बादलीला वेगळे पैसे होते. नाव सांगत नाही. पैसे फार नव्हते. पण रोज सकाळी काउंटरवर उभं राहून सुट्टे मोजायचे, मग पोरगा वर पाठवणार, मग बादली. आई म्हणायची, राहू दे, गार पाण्यानं करते. सत्तरीची बाई. हॉस्पिटलात लाखाचं बिल भरत होतो, त्याचं तिला काही वाटत नव्हतं, बादलीच्या पैशाचं वाटायचं. माणूस अशा वेळेला मोठा खर्च मुकाट्यानं करतो आणि लहान खर्चाला जीव तोडतो. वेगळा आकार लावला की गरज असणारा मागत नाही आणि गरज नसणारा बिनधास्त मागतो, हे मी तिथं बघितलं.

ताई, तुम्ही खोलीचा दर पन्नास-साठ रुपये जास्त ठेवा, पण पाण्याला, रजईला, हीटरला वेगळा आकडा लावू नका. डॉक्टर सकाळी राउंडला येतात त्याआधी पोचायचं असतं, म्हणून पाचला पाणी लागतं. रात्री ज्यानं जागरण केलं तो नऊ-दहाला येऊन अंघोळ करतो. या दोन वेळा सांभाळल्यात तर बाकी काही नको.

अजून एक. खोलीत थर्मास भरून गरम पाणी ठेवता येत असेल तर ठेवा. दवाखान्यातून आल्यावर प्यायला गरम पाणी मिळालं की थंडी निम्मी जाते. आणि रजई जड द्या. आईला हीटरची हवा सोसत नव्हती, घसा कोरडा पडायचा. शेवटी सोलापुरी चादरीवर घरची गोधडी घालून झोपली.

---

सहकारनगर_दोनखोल्या

आमचा होमस्टे आहे, राहत्या घरातल्या दोन खोल्या. छोट्यांसाठी एक मुद्दा लिहून ठेवतो. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दर मिळतो, पण वीज नियामक आयोगाच्या दरआदेशात त्याला मर्यादा आहे: महिन्याला ३०० युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६००. उन्हाळ्यात एसीमुळे सगळे सांभाळून असतात, आणि हिवाळ्यात दोन ब्लोअर लावून एका महिन्यात रेषा ओलांडतात. मी पाहुण्यांना हीटर देतच नाही. दोन रजया, गरम पाण्याची पिशवी आणि दुपारभर उन्हात टाकलेल्या गाद्या देतो. उन्हात तापलेली गादी हे बाहेरच्या लोकांना फार आवडतं, मुद्दाम विचारतात.

भाग कोणता यावरही बरंच अवलंबून आहे. हवामान खात्याचे किमान तापमानाचे आकडे बघा, पाषाण-शिवाजीनगर आणि मगरपट्टा-कोरेगाव पार्क यांत कित्येकदा चार-पाच अंशांचा फरक असतो. मगरपट्ट्याकडचे मित्र म्हणतात हीटर कोणी मागतच नाही. त्यांचं ऐकून इकडे ठरवू नका.

सोलर असेल तर महापालिकेच्या मिळकतकरात सवलत असते. बिलावर ती लागली आहे का तेही बघा, बऱ्याच जणांची अर्जाअभावी राहिलेली असते.

---

एरंडवणे_आठखोल्या

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीकर दादा, तुमच्या आईंची गोष्ट मी घरात सगळ्यांना वाचून दाखवली. भाच्याने स्वतःहून सांगितलं की वेगळा आकार नको.

वारजेकर, आज गच्चीवर खडू घेऊन बसले होते. साडेदहाला सावली पॅनलवर चढली ती दोनला उतरली. उत्तर कठड्याशी मात्र बाराच्या सुमारास पट्टाभर सावली आली आणि गेली, बाकी ऊनच. पॅनल दक्षिण कठड्याशीच आहेत, तुम्ही म्हणालात तसे. प्लंबरला बोलावलंय, दोन्ही टाक्या सिरीजमध्ये घेण्याचं आणि हलवण्याचं एकत्रच करून घेईन.

एक शंका. शेजारच्या मेसवाल्यांनी गॅस गिझर सुचवलाय. तळमजल्यावरच्या दोन बाथरूमपर्यंत पाणी पोचेस्तोवर दोन बादल्या गार वाहून जातं, तिथे लावावा का?

---

वारजे_गरमपाणी

बाथरूमच्या आत गॅस गिझर अजिबात लावू नका. बंद बाथरूममध्ये ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, आणि अंघोळ करणारा माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. गेस्ट हाऊसमध्ये तर पाहुण्याला काही सांगायची सोयच नसते, तो थंडी वाजते म्हणून झरोका पेपर लावून बंद करतो. लावायचाच तर बाहेर, उघड्या डक्टमध्ये, आणि व्यावसायिक सिलेंडरवर. घरगुती सिलेंडर व्यवसायाला वापरता येत नाही. शेगडीत कोळसे घालून खोलीत ठेवणंही तसंच जीवघेणं आहे, कोणी मागितलं तरी देऊ नका.

त्या दोन बाथरूमना ३ लिटरचा छोटा इलेक्ट्रिक गिझर सोलरच्या लाइनवरच घ्या. सोलरचं पाणी पोचेपर्यंत तो तापवेल, नंतर येणारं पाणीच गरम असल्यामुळे आपोआप बंद राहील. दोन बादल्या पाणीही वाचेल. फक्त सोलरचं ६० अंशांचं पाणी चालेल असा गिझर आहे ना, हे घेताना विचारून घ्या.

आणि जुनं बांधकाम म्हणालात म्हणून सांगतो. २००० वॅटचा ब्लोअर जवळपास ९ अँपिअर ओढतो. खोल्यांतली पलंगाजवळची सॉकेटं ६ अँपिअरची असणार. पाहुणा मोबाइलच्या एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावून झोपतो. तेलाचे हीटर आणाल तेव्हा त्या दोन खोल्यांत १६ अँपिअरचं स्वतंत्र पॉइंट ओढून घ्या, आणि हीटर तिथेच लागेल इतकी वायर आखूड ठेवा.

---

एरंडवणे_आठखोल्या

गॅस गिझर रद्द. इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय.

दरपत्रक असं करतेय, बघा बरं: नेहमीचा दर १८०० वरून १८५०, वर्षभर. विशेष तारखांना २२००, तारखा दिवाळीआधी जाहीर. सात रात्रींच्या पुढे मुक्काम असेल तर पहिल्या रात्रीपासून १५००, कुठल्याही तारखेला. गरम पाणी चोवीस तास, रजई आणि थर्मास खोलीतच, हीटर मागितल्यास, कशाचेही वेगळे पैसे नाहीत.

---

तीन_पिढ्या_लॉजिंग

चांगलं आहे. एक ओळ वाढवा ताई: दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाचा मुक्काम वाढत वाढत सातच्या पुढे गेला तर आधीच्या रात्रींचा फरक शेवटच्या बिलात वळता करू. दवाखान्याच्या माणसाला पहिल्या दिवशी माहीतच नसतं किती दिवस राहायचंय. हे लिहिलेलं नसेल तर तो मागत नाही, आणि काउंटरवरचा मुलगा आपणहून देत नाही. आणि सीझनच्या वीस रात्रींत दोन खोल्या ऑनलाइन टाकूच नका. सवाई असो की ३१ डिसेंबर, ॲम्ब्युलन्स त्या दिवशीही येते.